वेडावर औषध मिळेल का?

पायातले बूट काढून ठेवा. मनगटावरचं घड्याळ, खिशातला मोबाइल, गाडीची किल्ली, सगळं इथंच राहू द्या. नगरच्या माळीवाडा वेशीच्या कमानीखाली उभे राहा. मागे एसटीचा हॉर्न वाजतोय, रिक्षावाले केडगाव, भिंगार करून ओरडताहेत, हातगाडीवर वडे तळले जाताहेत. एकदा खोल श्वास घ्या आणि एक पाऊल पुढे टाका.

तळपायाला चटका बसला ना? डांबर गेलं. खाली फुफाटा आहे, घोट्यापर्यंत पाय रुतवणारा, आणि दिवस जेमतेम कासराभर वर आलेला असताना तो आत्ताच तापलाय. इंजिनाचा आवाज नसला की शहर किती लांबून ऐकू येतं, हे आपल्याला माहीतच नाही. पार पलीकडच्या आळीत तांबट हंड्यांवर ठोके घालताहेत ते इथवर येतंय. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, मोटेची कुरकुर, कुठल्यातरी घरातली जात्याची घरघर. आणि आवाजांच्या पाठोपाठ वास. घोड्यांच्या मुताचा उग्र दर्प, गोवऱ्यांचा धूर, करडईच्या तेलात पडलेला हिंग, कुणा अमीराच्या दारावरचे भिजवलेले वाळ्याचे पडदे.

साल 1580 च्या आसपासचं आहे. अहमद निजामशहाने भिंगारजवळ, सीनेच्या काठी हे शहर वसवायला घेतलं, त्याला नव्वदेक वर्षं झाली. आता गादीवर त्याचा पणतू आहे, मुर्तजा निजामशहा. गादीवर आहे असं म्हणायचं, कारण त्याला पाहिलेला माणूस या बाजारात शोधून सापडणार नाही.

गर्दीत शिरा. बाजूला होऊन वाट देणारं इथं कुणी नाही. खांद्याने खांदा ढकलतच पुढे सरकायचं. चौलच्या बंदरात गलबतातून उतरलेले अरबी घोडे घाट चढून इथवर आलेत, त्यांच्या पाठीवर मीठ सुकून पांढरं झालंय. घोड्यांचा व्यापारी दुभाष्यामार्फत भाव करतोय. शेजारून दोन इराणी जाताहेत, फारसीत काहीतरी पुटपुटत, नाकाला अत्तराचा बोळा लावून. समोर चार हबशी शिपाई, कमरेला सरळ पात्याच्या तलवारी, आणि बोलताहेत मात्र खणखणीत दखनी. कलमदान कमरेला खोचून एक ब्राह्मण कारकून घाईने निघालाय. दरबारातल्या सनदा फारसीत असतील, पण गावोगावचा वसूल त्याच्याच मोडीत लिहिला जातो. आणि या सगळ्यांच्या पायांत बसून माळीण वांगी विकते आहे, एकीकडे लेकराला पाजत.

भूक लागली असेल तर भाकरी मिळेल, हुलग्याचं माडगं मिळेल, कांदा मिळेल. लोखंडी गजावर भाजलेलं मटण खायचं असेल तर त्या धुराच्या दिशेने जा. बटाटावडा शोधू नका, बटाटा इथल्या रानात अजून यायचा आहे. चहाची तलफ आली तर ती मारावीच लागेल. पण पाणी प्या, मुद्दाम प्या. चौकातल्या हौदात ओंजळ घाला. इतक्या उन्हात हे गार कसं? कापूरवाडीकडच्या, वडगावकडच्या डोंगरउतारांवर धरलेलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी इथवर खेळवलंय. ऊन त्याला कुठंच गाठत नाही. दुष्काळी मुलखात वसलेलं हे शहर बागांचं शहर म्हणून मिरवतं ते या मातीच्या नळांच्या जिवावर. राजांची नावं पुस्तकांत आली. हे नळ कोसन्‌कोस उताराचा अंदाज घेत ज्यांनी पुरले, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

आज मात्र बाजारात काहीतरी बिनसलंय. दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघडल्यात. माणसं दोघं-तिघं करून उभी आहेत आणि कुणी जवळ आलं की गप्प होताहेत. तांबटआळीच्या तोंडाशी त्या म्हाताऱ्याजवळ बसा. उजवा हात कोपरापर्यंत भाजून सुरकुतलाय, तोच. बाजारातली बातमी त्याच्याकडून कळेल.

"राजा मेला म्हणत्यात. नायतर खुळा झाला. धाकला भाऊ बुऱ्हाण फौज घिऊन निघालाय."

आणि हाताकडे तुमची नजर गेलेली पाहून तो दुसऱ्याच गोष्टीवर येतो. त्याला तीच सांगायची असते. ऐका. किंवा नुसतं ऐकू नका, त्याच्याबरोबर मागे चला, 1549 मध्ये. तो तेव्हा भाता ओढणारा पोरगा आहे.

रात्र आहे, आणि तरी इथं अंधार नाही. जमिनीत खोल खड्डा, खड्ड्यात उभा पुरलेला मातीचा साचा, आणि भोवती भट्ट्या. भात्यांचा आवाज छातीत घुमतोय. जवळ जाऊ नका. भुवयांचे केस करपतील. तांबं आणि कथील वितळताना त्याचा वास जिभेवर येतो, आंबूस, रक्तासारखा. घाम गालावरून ओघळायच्या आधीच वाळतोय. मधोमध उभा आहे तो मुहम्मद बिन हुसेन रूमी, तुर्कांच्या मुलखातून आलेला उस्ताद. तो बोलत नाही, नुसता धातूचा रंग बघतोय. या कामात एकदा धार सोडली की थांबता येत नाही. मध्ये खंड पडला तर आधीचा थर निवतो, वरचा त्याला धरत नाही, आणि अशी तोफ पहिल्याच बाराला स्वतःच्या गोलंदाजांना घेऊन फुटते. म्हणून सगळ्या भट्ट्या एका दमात उघडायच्या. उस्तादाने हात खाली केला. तोंडं फोडली गेली. पांढऱ्या-पिवळ्या धारा चरांतून धावत सुटल्या आणि साच्याच्या तोंडात पडताना असा काही हुंकार उठला की खुंट्याची बैलं दावी तोडायला लागली. पोराच्या हातावर धातूचा थेंब उडाला तो याच वेळी. त्याने भाता सोडला नाही.

साचा फोडल्यावर निघाली ती तोफ 14 फुटांहून लांब, वजन 55 टनांच्या घरात, नळीत माणूस दुमडून बसेल एवढी रुंद. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि जबड्यात चिरडलेले हत्ती. आपण तिला मुलूखमैदान म्हणतो. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे आणि पाहुण्यांना तिथंच दाखवली जाते, त्यामुळे ती नगरची लेक आहे हे नगरच्या पोरांनाही सांगावं लागतं. रूमीने ओतण्याआधी पोटच्या पोराचा बळी दिला, अशी एक आख्यायिका तिच्यामागे लागली आहे. म्हाताऱ्याला विचारा. तो मान हलवतो. "बळी कशाला? हे काय कमी हाय?" म्हणून हात पुढे करतो.

चला, परत बाजारात. ऊन वाढलंय. म्हाताऱ्यापासून चार दुकानं सोडून अत्ताराचं दुकान आहे, सावली तिथं चांगली आहे. पायरीवर टेका. दुकान म्हणजे भिंतीतला एक कोनाडाच, पण नाकाला वेड लागेल. वेखंड, सोनामुखी, ज्येष्ठमध, हिरडा, बेहडा, गुलाबपाण्याचे बुधले, कुलपातल्या डबीत केशर. खलात काहीतरी कुटलं जातंय आणि दर ठोक्याला वासाची एक लाट बाहेर येते. अत्तार आवाज खाली आणून बोलतो, कारण तो जे सांगतोय ते मोठ्याने सांगायचं नाही.

राजा असा का झाला, याची ही गोष्ट आहे.

मुर्तजाचा एक वजीर होता, चंगेजखान. मंगोलांच्या चंगेजखानाशी त्याचा संबंध नाही, नावापुरतंच. याच्या कारभारात वऱ्हाडचं राज्य निजामशाहीत आलं. याच्या वाड्यावर विकत घेतलेल्या हबशी गुलामांचा मोठा ताफा होता. थोडी वर्षं आधी आला असतात तर त्या वाड्याच्या अंगणात एक काळासावळा, भरदार खांद्यांचा तरुण तुम्हाला दिसला असता. आफ्रिकेत आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. बगदादच्या बाजारातून फिरत फिरत तो दख्खनला आला. धनी सकाळी दप्तरं कशी तपासतो, फौजेचा पगार कसा वाटतो, हे तो दाराशी उभं राहून बघत असे. पुढे हाच मलिक अंबर होऊन सगळ्या मोगलाईला घाम फोडणार आहे. पण ती गोष्ट फार मोठी आणि तुम्ही ती शाळेत वाचलीय. आज आपल्याला त्याच्या धन्याशी काम आहे.

शेजारच्या राज्याच्या वकिलाने राजाच्या लाडक्याला, साहेबखानाला, हाताशी धरलं आणि राजाच्या कानात विष ओतलं: चंगेजखान वऱ्हाडात स्वतःचं राज्य मांडणार आहे. राजाने वजिराची परीक्षा घ्यायची ठरवली. म्हणाला, कंटाळलो या वऱ्हाडात, परत नगरला जाऊ. चंगेजखान सरळ माणूस. मुलूख नवा आहे, आणखी थोडे दिवस राहावं, असं तो म्हणाला. झालं! राजाला पुरावा मिळाला. त्याने हकीम पाठवला, प्याला घेऊन. प्याल्यात काय आहे हे वजिराला कळलं होतं. त्याने राजाला शेवटचं पत्र लिहिलं, आपली निष्ठा सांगितली, आपल्यामागे आपल्या माणसांकडे लक्ष द्यावं अशी विनंती केली, आणि प्याला प्यायला.

थोड्याच दिवसांत खरं काय ते राजाला समजलं.

अत्तार खलबत्ता खाली ठेवतो. तेव्हापासून, तो सांगतो, राजा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. हश्त बिहिश्त बागेत, तळ्यातल्या महालात बसून असतो. वजिरांना भेट नाही, सरदारांना भेट नाही. चिठ्ठी आत जाते, चिठ्ठी बाहेर येते. जिवंत असेल तर ठीक, नाहीतर चिठ्ठ्या कोण लिहितंय देव जाणे.

मला या राजाची कीव येते. लोक त्याला दिवाणा म्हणतात आणि इतिहासात तो त्याच नावाने उरला. पण निष्ठावंत माणसाला आपल्याच हुकमाने मारलं हे कळल्यावर माणसांतून उठून जाणारा राजा दुसरा कुणी असेल तर मला सांगा. बाकीच्यांनी असे वजीर मारले आणि संध्याकाळी मेजवानी केली.

हे काय? नगाऱ्याचा आवाज. गर्दी भिंतीला चिकटायला लागलीय, तुम्हीही चिकटा. भालदार ओरडताहेत, पोरं कौलांवर चढलीत. हत्ती येतोय. या शहराला हत्तींचं अप्रूप नाही. इथं हत्तीलाही थडगं असतं. बागरोजाजवळ दाखवतात ते गुलामअलीचं, 1565 च्या तालीकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला ज्याने धरलं तो हत्ती. पण आजचा हत्ती पाहायला म्हातारी माणसंही घराबाहेर आलीत, कारण अंबारीत राजा आहे.

जिवंत आहे! कुजबुज पुढच्या चौकापर्यंत पळत गेली. बघून घ्या त्याला. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेला चेहरा, उन्हात डोळे किलकिले. लोक मुजरा करायचं विसरून नुसते बघताहेत. हत्ती पुढे आला. आणखी पुढे आला. आणि तुमच्या समोर थांबला. अत्ताराच्या दुकानासमोर. सोंडेचा गरम, ओला श्वास तुमच्या मानेवर येतोय आणि मागे सगळा लवाजमा एकमेकांवर आदळून उभा राहिलाय.

वरून राजा विचारतो, वेडावर औषध आहे का तुझ्याकडे?

अत्ताराच्या हातातला तागडीचा काटा थरथरतोय. काय म्हणावं? आहे म्हणावं तर राजाला वेडा ठरवल्यासारखं, नाही म्हणावं तर दुकानाची अब्रू गेली. तो धीर करून सांगतो, आहे, सगळी औषधं आहेत.

राजा म्हणतो, मग ते लागणार कुणाला ते मला ठरवता येईना. मी फकिरासारखा एकांतात राहू बघतो आणि राज्यही सोडवत नाही. तिकडे माझा भाऊ सुखात होता, तो आपणहून हे ओझं डोक्यावर घ्यायला धावतोय. आमच्या दोघांत वेडा कोण?

कुणीतरी हसलं. मग सगळा बाजार हसला, भीती उतरल्यावर हसू येतं तसं. हत्ती हलला. दुकानांच्या फळ्या धडाधड उघडायला लागल्या. बुऱ्हाण नंतर हरला आणि पळून अकबराच्या आश्रयाला गेला. पण ही लढाई निम्मी तरी या पायरीसमोरच जिंकली गेली होती, असं मला वाटतं.

हा प्रसंग आपल्यापर्यंत आणला मुहम्मद कासिम फरिश्ता याने. इराणातून बापाबरोबर लहानपणी इथं आलेला. बापाला राजपुत्र मीरान हुसेनला फारसी शिकवायला नेमलं होतं, त्यामुळे फरिश्ता आणि राजपुत्र एकाच ओसरीवर अक्षरं गिरवत वाढले. ती मैत्री पुढे त्याचा जीव वाचवणार आहे. त्याच्यावर लक्ष ठेवा.

आणि आता हत्तीच्या मागून घोड्यावरून जाणाऱ्या त्या माणसाकडे बघा. कपड्यांत थाट नाही, नजर मात्र रस्त्याच्या दोन्ही कडांवर. कुठली मोरी फुटली, कुठल्या झाडाला कठडा नाही, हे तो चालत्या घोड्यावरून टिपतोय. हा सलाबतखान. मी तुम्हाला एवढ्या उन्हात आणलं ते खरं म्हणजे याच्यासाठी.

राजा बागेत बसला तेव्हा राज्य यानेच चालवलं. व्यापाऱ्यांच्या तांड्यांना विचारा. नाक्यावर आडवे होऊन झोपलेत, गाठोडी उशाला, पहारा नाही. सलाबतखानाच्या दिवसांत चोर-लुटारूंचं भय उरलं नव्हतं आणि दख्खनमध्ये असा कारभारी क्वचित झाला, असं फरिश्ताही लिहितो. याला बागांचा नाद, झाडं लावायचा नाद. किल्ल्याच्या बाजूने चाला म्हणजे सावली लागेल. वाटेत ती लहानशी कोरीव मशीद दिसेल, दमडी मशीद. किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी दमडी-दमडी जमवून ती उभी केली असं सांगतात. तिच्या दगडातली वेलबुट्टी बोटाने चाचपून बघा, दगड अजून धारदार आहे. इथून आग्नेयेला वळा. वास बदलेल. धूळ मागे पडेल आणि ओल्या मातीचा, मोगऱ्याचा गारवा अंगावर येईल.

हा फराहबक्ष महाल, आपण फराहबाग म्हणतो तो. चौकोनी तळ्याच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली. आधी एकदा बांधून झाला होता. राजाला आवडला नाही, म्हणून पाडून सलाबतखानाकडून पुन्हा उठवला, 1583 च्या सुमाराला पुरा झाला. आत पाऊल टाका आणि गप्प उभे राहा. बाहेरची होरपळ इथं येत नाही. पाण्यावरून आलेली झुळूक कमानींतून वर चढते आणि उंच घुमटाखाली रेंगाळते. एका कोपऱ्यात दोन माणसं बुद्धिबळ मांडून बसलीत. एक राजा. दुसरी दिल्लीची गाणारी, जिला तो फतेहशाह म्हणतो. तिच्यासाठी बागेतच त्याने वेगळा लाकडी महाल बांधवलाय. तासामागून तास फक्त प्यादं सरकल्याचा आवाज.

या पटाशेजारीच सलाबतखानाचा घात शिजला. रामरायाच्या लुटीतून आलेल्या दोन मौल्यवान माळा राजाने गाणारीला द्यायला सांगितल्या. सलाबतखानाला दौलतीतलं सर्वांत मोलाचं जवाहीर असं जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या माळा पाठवल्या. ते उघडं पडलं. राजाने खजिन्यातलं सगळं जवाहीर दालनात मांडायला लावलं. खऱ्या माळा त्यातही नाहीत हे पाहिलं, गालिचे त्यावर टाकले आणि आग लावून निघून गेला. पळा, आता पळा! घागरी, चादरी, हाताला लागेल ते घेऊन नोकर आत घुसताहेत. लोकरीच्या धुराने डोळे चुरचुरताहेत. माणकं वाचली, हिरे वाचले, सोनं वाचलं. मोती तेवढे जळाले. बाजारात त्या दिवशी राजाच्या नावाला दिवाणा लागलं ते कायमचं.

याच वर्षांत एकदा शहर सजतं. विजापूरची राजकन्या मीरान हुसेनची नवरी म्हणून येते आणि तिच्याबरोबर येते राजाची विधवा बहीण, याच गावची माहेरवाशीण. पालखीचे पडदे बंद आहेत, तुम्हाला दिसणार नाही. तरी वाकून मुजरा करा. ती चांदबिबी. तिला पुढे या किल्ल्यासाठी उभं राहायचं आहे, आणि तिच्या नावावर एक इमारत चढणार आहे जी तिची नाही.

आता जड काम. राजाचा राग मुरत गेला आणि एके दिवशी त्याने सलाबतखानाला बोलावून विचारलं, तू माझा नोकर आहेस की धनी? सलाबतखान म्हणाला, गुलाम आहे. कैदेत पाठवायचं तर किल्ला सांगा. राजाने सांगितलं, दंडाराजपुरी.

घराच्या अंगणात उभे राहा. बाहेर घोडे खूर आपटताहेत, सरदार, शिपाई, नातलग, सगळे जमलेत आणि सगळे एकच सांगताहेत: फौज तुमची, खजिना तुमच्या हातात, राजाला बाहेर कुणी ओळखत नाही. नका जाऊ. सलाबतखानाने बेड्या मागवल्या. लोहार पुढे यायला तयार नाही. चाफ्याची वाळलेली फुलं अंगणभर पडलीत, त्यांवर बसून त्याने स्वतःच्या हातांनी पायांत कड्या चढवल्या. लोखंडावर लोखंड पडलं तो आवाज तुमच्या दातांपर्यंत गेला असेल. मग तो पालखीत बसला. अडवणाऱ्यांना त्याने एवढंच समजावलं की ज्याचं मीठ खाल्लं त्याचा हुकूम मोडून मिळवलेलं राज्य मला नको. चंगेजखानानंतर हा दुसरा. असे दोन कारभारी एकाच राजाला मिळाले, आणि दोघे त्याने असे घालवले.

त्याच्यानंतर शहराची घडी बघता बघता विस्कटली. राजाच्या डोक्यात पोराविषयी संशय भरला. एका रात्री त्याने मीरान हुसेनच्या अंथरुणालाच आग लावली. पोरगा धुरातून कसाबसा निसटला, दौलताबादेला गेला आणि 1588 मध्ये फौज घेऊन परत आला. त्या दिवशी किल्ल्यात जायचं असेल तर भिंतीला धरून चला. पायऱ्या ओल्या आहेत, पाण्याने नव्हे. राजाच्या पहाऱ्यावर जे थोडे उरलेत त्यांत एक तरुण आहे, हातात तलवार, ओठ कोरडे. फरिश्ता. तलवारी उगारल्या गेल्या तेवढ्यात राजपुत्राने त्याला ओळखलं आणि आपल्या माणसांना थांबवलं. एका ओसरीवर गिरवलेल्या अक्षरांनी त्या दिवशी एक इतिहासकार वाचवला, आणि त्याच्याबरोबर अत्ताराचं दुकान, मोत्यांची आग, बेड्या, हे सगळं वाचलं.

राजाला हमामखान्यात नेलं. दारं-झरोके बंद केले आणि खाली आग पेटवली. इथं मी तुम्हाला आत नेणार नाही.

मुलगाही वर्षभर टिकला नाही. फरिश्ता 1589 मध्ये विजापूरला निघून गेला आणि तिथं इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला मोठा ग्रंथ लिहिला. मुलूखमैदानही पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरलाच गेली. सलाबतखान सुटला तेव्हा म्हातारा झाला होता. नगरच्या गोंधळात पुन्हा एकदा हत्यार घेऊन उतरला, हरला, परमुलखात गेला आणि शेवटी आपल्या मातीत राहायची परवानगी मागून परत आला. 1589 मध्येच तो गेला.

आता बूट घाला, घड्याळ घ्या, गाडी काढा. पाथर्डीच्या रस्त्याने 13 किलोमीटरवर डावी-उजवी न पाहताही तो डोंगर दिसतो, माथ्यावर तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत, जवळजवळ 70 फूट उंच. नगरकर तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, पाटीवर तेच असतं, रविवारी वर जाणारी पोरं तेच सांगतात. ती सलाबतखानाची कबर आहे, तळघरात तो निजलाय. चांदबिबीने जिवाच्या कराराने लढवला तो खाली शहरातला भुईकोट किल्ला, आणि तिचं मोठेपण त्या किल्ल्याच्या तटावर पुरेसं आहे. वर जाल तेव्हा बरोबरच्या पोरांना तळघरात घेऊन जा आणि बेड्यांची गोष्ट तिथं उभं राहून सांगा.